गोळी कशाबरोबर घेता?

भाकऱ्या उरकल्या असतील, कुणी दूध डेअरीला घालून आली असेल, कुणी अजून गोठ्यातच असेल. हातातलं काम थांबवू नका, काम करता करता ऐका. आज थोडा इतिहास सांगणार आहे. राजेरजवाड्यांचा नाही, दुधाचा आणि औषधाच्या गोळीचा. या दोघांचं कधी पटलं, कधी बिनसलं, आणि ते कुणाच्या लक्षात कसं आलं, त्याची गोष्ट.

हा विषय मला आमच्या गटाच्या कर्जाच्या रजिस्टरमुळे सुचला. जूनच्या मासिक बैठकीत आमच्या एका काकूंनी अंतर्गत कर्ज मागितलं. कारणाच्या रकान्यात मी ‘औषधोपचार’ लिहिलं आणि सहज मागची पानं चाळली. दोन वर्षांत काकूंच्या नावापुढे हा शब्द मीच तिसऱ्यांदा लिहीत होते. काकूंना थायरॉइड आहे. गोळी पन्नासवरून पंच्याहत्तरवर गेली, पंच्याहत्तरवरून शंभरवर गेली. तरी थकवा तसाच, पाय सुजलेले, केस गळतायत. दर वेळी तालुक्याला जायचं, रक्त द्यायचं, रोज बुडवायचा.

मी विचारलं, “काकू, गोळी कधी घेता?”

“पहाटे. धारा काढून आले की. डॉक्टर म्हणालेत ना, रिकाम्या पोटी घ्या.”

“कशाबरोबर?”

“चहाबरोबर. सायीचं दूध घालून चांगला करते. आणि ती गुडघ्याची कॅल्शियमची गोळीपण तेव्हाच घेते. एकदम घेतली की विसरायला होत नाही.”

“मग पोट रिकामं कुठं राहिलं?”

“अगं, चहा म्हणजे काय खाणं आहे का?”

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण त्यांचं काय चुकलं? आपल्या घरात चहाला खाणं कोण म्हणतं? डॉक्टरांनी ‘रिकाम्या पोटी’ सांगितलं, काकूंनी त्यांच्या परीने ते पाळलं. ‘कशाबरोबर’ हे मात्र कुणीच विचारलं नाही. मी गटाची समन्वयक, दोन वर्षं कर्जाचे हप्ते मोजत होते, मलाही विचारायचं सुचलं नाही.

तसा हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. औषध कशाबरोबर घ्यायचं, याला आयुर्वेदात ‘अनुपान’ म्हणतात. कुठलं औषध मधाबरोबर, कुठलं तुपाबरोबर, कुठलं कोमट पाण्याबरोबर. शतावरी, अश्वगंधा दुधातून. वैद्य औषधाची पुडी देतानाच अनुपान सांगायचा. पुढे पुड्या गेल्या आणि गोळ्या आल्या. औषध बदललं, पण आपल्या हातातला दुधाचा कप तोच राहिला. औषध उष्ण पडतं, दुधाबरोबर घे म्हणजे बाधणार नाही, असं आपल्या आया सांगत आल्या. ही समजूत फक्त आपल्या खेड्यातली आहे असंही समजू नका. मोठमोठ्या देशांतल्या मोठमोठ्या डॉक्टरांचीही ती होती.

अमेरिकेतल्या शिकागोत बर्ट्राम सिपी नावाचे डॉक्टर होते. पोटातल्या अल्सरवर, म्हणजे जठरातल्या जखमेवर, त्यांनी १९१५ साली एक उपचार मांडला. रोग्याला दिवसभर तासातासाला दूध आणि साय द्यायची आणि मधे मधे आम्ल मारणारी क्षारांची पावडर द्यायची. दुधाने जखमेची आग थांबते, रोग्याला बरं वाटतं. उपचार जगभर गाजला, कित्येक वर्षं चालला. पण १९२३ साली अमेरिकेतल्याच मेयो क्लिनिकमधल्या दोन डॉक्टरांनी लिहून ठेवलं की या उपचारावरच्या काही रोग्यांना डोकेदुखी, मळमळ, उलट्या सुरू होतात आणि त्यांच्या मूत्रपिंडाचं काम बिघडतं. या रोग्यांना दुधाचाच वीट येतो, हेही त्यांना दिसलं होतं. शरीर नको नको म्हणत होतं आणि वरून दूध पाजणं चालू होतं. दुधातलं कॅल्शियम आणि त्यावर ते क्षार, यांनी रक्तातलं कॅल्शियम प्रमाणाबाहेर वाढत होतं. १९४९ साली या दुखण्याचं नीट वर्णन झालं आणि त्याला दूध-क्षार विकार अशा अर्थाचं नावही पडलं.

पुढे १९७६ साली आम्ल कमी करणारी सिमेटिडीन ही गोळी बाजारात आली. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांना अल्सरमागचे जंतू सापडले. तासातासाच्या दुधाचा तो उपचार मागे पडला. पण हे दुखणं गेलेलं नाही बरं का. आता ते दुधामुळे नाही, तर कॅल्शियमच्या गोळ्या मनाने आणि भरमसाठ घेतल्यामुळे होतं. हाडं दुखतात म्हणून मेडिकलमधून आपणच कॅल्शियमची बाटली आणतो, शेजारणीलाही आणायला सांगतो. तेव्हा ही गोष्ट आठवा.

दुसरी गोष्ट एका सोनेरी सूक्ष्म जीवाची. या गोष्टीत आपला एक भारतीय माणूस आहे. आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. अमेरिकेत लेडर्ले कंपनीच्या संशोधन विभागाचे ते प्रमुख होते. त्यांच्या हाताखाली बेंजामिन डगर नावाचे वनस्पतीशास्त्रज्ञ होते, वय सत्तरीच्या पुढे. ठिकठिकाणची माती आणून ते तिच्यातले सूक्ष्म जीव तपासत. मिसुरी राज्यातल्या एका शेतातल्या मातीत त्यांना सोनेरी रंगाची वाढ दिसली. तिच्यातून जे औषध निघालं त्याचं नाव ऑरिओमायसिन, म्हणजे सोनेरी. १९४८ साली ते जगापुढे आलं आणि त्याच वर्षी सुब्बाराव वारले. टेट्रासायक्लिन नावाच्या औषधांच्या घराण्यातलं हे पहिलं औषध. कितीतरी प्रकारच्या जंतूंवर ते चालायचं.

पण पोटाला त्रास द्यायचं. मळमळ, उलट्या. मग डॉक्टरांनी काय केलं असेल? आपल्या आईने केलं असतं तेच. पोटाला आधार म्हणून आम्ल मारणारं पातळ औषध दिलं, दूध दिलं. रोग्याच्या पोटाला बरं वाटलं. पण १९५० साली रक्त तपासून पाहिलं तर आम्लावरच्या औषधाबरोबर घेतलेलं ऑरिओमायसिन रक्तात फारच थोडं पोचत होतं. पुढे १९६२ मध्ये याच घराण्यातल्या दुसऱ्या एका औषधाची दुधाबरोबर तपासणी झाली. तिथेही तेच. औषध पोटात गेलं होतं, पण अंगात शिरलंच नव्हतं.

हे का होतं, ते समजून घ्या. एसटीच्या दारातून एका वेळी एकच बाई चढू शकते. दोघी हातात हात घट्ट धरून एकदम चढायला गेल्या तर दारातच अडकतात. टेट्रासायक्लिन आणि दुधातलं कॅल्शियम आतड्यात असेच एकमेकांचा हात धरतात. त्या जोडीला आतड्याच्या दारातून रक्तात जाता येत नाही. ती तशीच पुढे सरकते आणि शौचावाटे बाहेर पडते. आपण गोळ्यांचे पैसे मोजलेले असतात, दूधही घरचं चांगलं असतं, आणि ताप मात्र उतरत नाही.

कॅल्शियमची ही ओढ दातांतही दिसली. लहान मुलांना आणि गरोदर बायकांना ही औषधं दिली तर मुलांच्या वाढत्या दातांत ती कॅल्शियमला चिकटून बसायची आणि दात कायमचे पिवळे-तपकिरी व्हायचे. म्हणून आता लहान मुलांना आणि गरोदर बाईला ही औषधं देणं डॉक्टर टाळतात. घरात उरलेली गोळी पोराला देऊ नये, याचं हे एक मोठं कारण.

पुढे सिप्रोफ्लॉक्सासिन आलं. लघवीच्या जळजळीला, जुलाबाला ही गोळी आपल्याकडेही पुष्कळ दिली जाते. १९९१ साली फिनलंडमध्ये काही निरोगी माणसांना ती एकदा पाण्याबरोबर, एकदा दुधाबरोबर आणि एकदा दह्याबरोबर देऊन पाहिली. दूध-दह्याबरोबर घेतल्यावर सुमारे एक तृतीयांश औषध कमी पोचलं. म्हणजे फक्त दूधच नाही, दहीही आलं, ताकही आलं. पण सगळ्या गोळ्यांना एकाच मापाने मोजू नका. टेट्रासायक्लिनच्याच घराण्यातल्या डॉक्सीसायक्लिनवर दुधाचा परिणाम बराच कमी होतो. कितीतरी अँटिबायोटिकांवर तो होतच नाही. म्हणून गोळीचं नाव सांगून विचारायचं.

तिसरी गोष्ट चीजची. चीज म्हणजे आपलं ताजं पनीर नव्हे. महिनोन्‌महिने मुरवलेलं ते चीज. ही गोष्ट सुरू होते क्षयरोगाच्या दवाखान्यात. १९५२ साली न्यूयॉर्कमधल्या सी व्ह्यू हॉस्पिटलमध्ये क्षयाच्या रोग्यांना इप्रोनियाझिड हे नवं औषध देत होते. अंथरुणाला खिळलेली माणसं एकदम उत्साही झाली. त्यावरून कळलं की हे औषध मनाच्या उदासीवरही चालतं. मग त्याच जातीची औषधं उदासीच्या आजारावर द्यायला लागले.

पण ही औषधं घेणाऱ्या काही जणांना अचानक डोकं फुटेल असं दुखायचं. रक्तदाब भडकायचा, काहींच्या मेंदूत रक्तस्राव झाला, काही दगावले. कारण कळेना. लंडनमधले बॅरी ब्लॅकवेल नावाचे तरुण डॉक्टर याचा शोध घेत होते. त्यांना नॉटिंगहॅम गावच्या एका औषधविक्रेत्याचं पत्र आलं. त्याची बायको हेच औषध घेत होती. त्याने लिहिलं होतं की ती चीज खाते तेव्हाच तिचं डोकं असं दुखतं. पत्राकडे आधी कुणी फारसं गंभीरपणे पाहिलं नाही. चीजने काय होणार? पण ब्लॅकवेल यांनी पुढे रोग्यांना काय खाल्लं ते विचारायला सुरुवात केली, आणि चीज पुन्हा पुन्हा समोर आलं. १९६३ साली हे छापून आलं. चीज मुरताना त्यात टायरामीन नावाचा पदार्थ तयार होतो. एरवी आपलं शरीर तो मोडून टाकतं. ही औषधं ते मोडणंच बंद करतात आणि मग रक्तदाब उसळतो. आज ही औषधं फार कमी वापरतात. पण बऱ्या न होणाऱ्या क्षयावर दिल्या जाणाऱ्या लिनेझोलिड गोळीत हा गुण थोडा असतो, म्हणून ती घेणाऱ्यांनी मुरवलेलं चीज फार खाऊ नये असं सांगतात. ताज्या दुधाला, ताज्या पनीरला ही अडचण नाही.

या गोष्टीत मला काय आवडतं, सांगू? कोडं सुटायला सुरुवात झाली ती घरातल्या माणसाने ताटाकडे पाहिलं म्हणून. बायको काय खाते आणि त्यानंतर तिला काय होतं, हे त्याने नीट लक्षात ठेवलं आणि लिहून कळवलं. असं लक्ष आपण बायका रोजच ठेवतो. कुणाला काय सोसतं, काय सोसत नाही, हे आपल्याला पाठ असतं. फक्त ते डॉक्टरांना सांगायला आपण कचरतो. “एवढ्यातेवढ्याला काय सांगायचं” म्हणतो.

आता आपल्या घरातल्या लाल गोळीकडे येऊ. देशात रक्तपांढरीविरुद्धचा कार्यक्रम १९७० साली सुरू झाला. तेव्हापासून गरोदर बायकांना लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मिळतात. आशाताई त्या घरी आणून देतात. गोळीने मळमळतं, म्हणून कुणी ती चहाबरोबर घेते, कुणी सासूबाईंनी दिलेल्या दुधाबरोबर. १९७५ साली दक्षिण आफ्रिकेत भारतीय वंशाच्या गृहिणींवर एक तपासणी झाली. जेवणाबरोबर चहा घेतला की अन्नातलं लोह अंगात फार कमी लागतं, असं त्यात दिसलं. कामगार म्हणून समुद्रापार गेलेल्या आपल्याच लोकांच्या लेकी-नाती या. देश सुटला, चहा सुटला नाही. १९९१ मध्ये स्वीडनमधले लीफ हॉलबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की कॅल्शियमही लोहाची वाट अडवतं. म्हणून २०१४ साली आपल्या सरकारने गरोदर बायकांना कॅल्शियमच्या गोळ्या सुरू केल्या, तेव्हा नियमच घातला की कॅल्शियमची आणि लोहाची गोळी एकत्र घ्यायची नाही, दोन्हींत निदान दोन तासांचं अंतर ठेवायचं. नियम झाला, पण कितीतरी घरांत दोन्ही गोळ्या आजही एकाच घोटात जातात. लोहाची गोळी लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घेतली तर ती उलट चांगली लागते.

आणि आता काकूंची गोळी. थायरॉइडचा उपचार १८९१ साली इंग्लंडमध्ये सुरू झाला, जॉर्ज मरे यांच्या हातून. त्यांनी मेंढीच्या थायरॉइड ग्रंथीचा अर्क एका बाईला टोचला आणि ती सुधारली. पुढे गोळी आली. पण ही गोळी फार हळवी. तिचं माप ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागात, म्हणजे मायक्रोग्रॅममध्ये असतं. एवढ्याशा औषधातलं थोडं जरी वाया गेलं तरी फरक पडतो. २००० साली अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसमध्ये २० रोग्यांना ही गोळी कॅल्शियमच्या गोळीबरोबर तीन महिने घ्यायला सांगितली. त्यांच्या रक्तातला टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडतोय असं सांगणारा आकडा, सरासरी १.६ वरून २.७ वर गेला. कॅल्शियम थांबवल्यावर तो पुन्हा खाली आला. म्हणून थायरॉइडची गोळी सकाळी उठल्यावर नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, त्यानंतर अर्धा ते एक तास चहा, दूध, नाश्ता काही नाही, आणि कॅल्शियमच्या किंवा लोहाच्या गोळीत चार तासांचं अंतर, असं सांगतात.

काकूंना मी लगेच “उद्यापासून पाण्याबरोबर घ्या” म्हणाले नाही. याला एक कारण आहे, ते नीट ऐका. त्यांची गोळी वाढवत वाढवत शंभरवर नेली होती ती चहा आणि कॅल्शियमबरोबर घेत असताना. आता अडथळा काढला की तीच गोळी पूर्ण अंगात जाणार आणि जास्तही होऊ शकते. मग छातीत धडधड, हात थरथरणं सुरू होतं. म्हणून मी त्यांच्याबरोबर तालुक्याला गेले. डॉक्टरांना सगळं सांगितलं, पहाटेच्या धारा, सायीचा चहा, गुडघ्याची गोळी, सगळं. डॉक्टरांनी वेळा बदलून दिल्या आणि दोन महिन्यांनी रक्त तपासायला सांगितलं. तपासणीनंतर गोळी एक पायरी उतरली. थकवा गेला का? बराच कमी झाला. गुडघे दुखतातच, त्याला थायरॉइड काय करणार?

आणखी एक गोष्ट घडली, तीही सांगते. काकूंचं ऐकून गटातल्या दुसऱ्या एका ताईंनी दूधच सोडलं. त्यांना साखरेचा आजार, मेटफॉर्मिनची गोळी. “दूध औषध मारतं” असं त्या शेजारच्या आळीत सांगत सुटल्या. असं करू नका, मैत्रिणींनो. मेटफॉर्मिनला दुधाचं वावडं नाही, ती तर जेवणाबरोबरच घ्यायची असते. साखर असणाऱ्यांनी चहातली साखर मोजावी, दुधाला बोल लावू नये. नेहमीच्या बऱ्याच बीपीच्या गोळ्यांचंही दुधाशी भांडण नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र दूध-दही किती घ्यायचं हे डॉक्टर ठरवून देतात, कारण त्यातलं फॉस्फरस आजारी मूत्रपिंडाला बाहेर टाकता येत नाही. हाडं ठिसूळ झाल्यावर जी ॲलेंड्रोनेट नावाची गोळी देतात, ती फक्त साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. तिच्याबरोबर दूध घेतलं तर गोळी वायाच जाते. हाडांना दूध हवंच, पण थोड्या वेळाने.

शंभर वर्षांच्या या इतिहासातून मला एवढंच कळलं. दूध औषधही नाही आणि विषही नाही. काही गोळ्यांच्या वाटेत ते येतं, पुष्कळ गोळ्यांच्या वाटेत येत नाही. जिथे येतं तिथेही दूध सोडायचं नसतं, वेळ बदलायची असते. आपल्यातल्या कितीतरी जणी घागरभर दूध डेअरीला घालतात आणि स्वतः कपभर पितात. तो कप सोडू नका. आणि चालू असलेली गोळी मनाने बंदही करू नका.

आमच्या गटात आता एक पद्धत पाडली आहे. कुणी औषधोपचारासाठी कर्ज मागितलं की आम्ही रक्कम विचारतो, परतफेडीचे हप्ते विचारतो, आणि तिसरं विचारतो, “गोळी कधी घेता आणि कशाबरोबर?” उत्तर एका कागदावर लिहून तिच्या हातात देतो. तो कागद ती डॉक्टरांना किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरना दाखवते. पुढच्या बैठकीला तुम्हीही आपल्या गोळ्यांची पाकिटं घेऊन या. सासूबाईंचीही आणा. पाकिटावरचं नाव वाचायला शाळेत जाणारी लेक मदत करेल. एकमेकींना विचारा, लिहून घ्या आणि डॉक्टरांना दाखवा.

चला, आता गोठ्यातल्या म्हशी वाट बघत असतील. पुन्हा भेटू. नमस्कार.